भागा, कावळा लगेच शिवला

भागा, तुझ्या दहाव्याला कावळा शिवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्याला आज चार दिवस झाले आणि चार दिवस मला तुझा राग येतोय. राग म्हणणंही कमीच. शिसारी आली आहे. आपल्या मालकांची, नानांची होतीच, ती जुनी आहे, तिची सवय झाली आहे. तुझी मात्र पहिल्यांदाच आली. गेलेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांना जित्या माणसाशी बोलून घेता आलं त्यांनी तो नियम पाळावा. तू होतास तेव्हा मी काही बोलायला लागलो की तू बिडी पेटवायचास आणि उठून गाईंकडं जायचास. आता कुठं जाशील?

आधी तुझ्या फ्लेक्सचं सांगतो, कारण तो तुला बघता आला नाही. बेलापूरला बाजाराच्या रस्त्यावर लावलाय. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘आमच्या कुटुंबातील ज्येष्ठ सदस्य’, आणि त्याखाली नाना, नानांची दोन्ही मुलं, सुना, नातवंडं. नानांचं नाव तुझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात आहे. तुझा एकट्याचा फोटो कुणाकडंच निघाला नाही. सव्वीस वर्षांत काढलाच नव्हता कुणी. शेवटी एकाच्या मोबाईलमध्ये तो प्रदर्शनातला सापडला, नानांच्या गाईला पहिला नंबर मिळाला आणि दावं तू धरलं होतंस तो. त्यातली गाय कापली आणि तुला ठेवलं. पण कापणाऱ्यानं घाई केली, त्यामुळं तुझ्या खांद्यावर गाईचा एक कान राहिला आहे. परवा एकानं मला विचारलं, खांद्यावर शाल हाय का. मी व्हय म्हणालो. काय सांगणार?

कुटुंबातला ज्येष्ठ सदस्य म्हणे! त्या सदस्याची जर्मनची ताटली गोठ्याच्या खिडकीत का असायची, आणि तिच्यात वरून भाकरी का टाकायचे, हे फ्लेक्सवर लिहायला जागा उरली नसावी.

आपण दोघं पाथर्डीकडचे. तिकडं पाऊस नाही, म्हणून दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊस तोडायला प्रवरेच्या काठाला उतरतात. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. तुझी बायको तुला सोडून गेली होती आणि माझं लग्न जमलंच नव्हतं. मुकादमानं आपल्याला शेजारी उभं केलं, खालीवर बघितलं आणि म्हणाला, हे दोन अर्धे जोडून एक धरा. असं आपलं जमलं. तू ऊस तोडायचास, मी मोळ्या बांधायचो. मोळ्या बांधणं हे बाईचं काम, म्हणून सगळी टोळी मला तुझी बायको म्हणायची. मी अंगावर धावून जायचो. तू शांतपणे म्हणायचास, “म्हनू दे की. सैपाक तर मीच करतो.” आणि खरंच तूच करायचास, मला अजून भाकरी थापता येत नाही.

एका हंगामाला शेवटचा फड नानांच्या मळ्यात तुटला. नानांनी विचारलं, गोठ्यावर राहता का. टोळी परत गेली, आपण राहिलो आणि सालगडी झालो. या पाडव्याला साल धरायचं, पुढच्या पाडव्याला सुटायचं, आणि सुटल्या दिवशीच पुन्हा धरायचं. मी दहावी झालेला, हातात पेपर दिसला की वाचणारा, म्हणून तू मला मास्तर म्हणायला लागलास. पहिली दोन वर्षं ती चेष्टा होती. मग ते माझं नावच झालं.

त्याच साली ती अडलेली गाय तू सोडवलीस. डॉक्टर अजून श्रीरामपूरच्या रस्त्यालाच होते, तोवर तू गाय आणि वासरू दोन्ही वाचवलंस. नाना खूश झाले. तुला घेऊन कालव्याच्या चारीच्या कडेला गेले आणि कोपरा दाखवून म्हणाले, “भागा, हे दोन गुंठे तुझे. म्हातारपणी घर बांध.” तो कोपरा म्हणजे नुसतं चोपण. जमिनीतून पांढरं मीठ वर आलेलं, तिथं हराळीसुद्धा उगवायला लाजायची. मी तेव्हाच म्हणालो, द्यायचीच तर चांगली जागा द्यायची. तू म्हणालास, जागा ती जागा.

आणि तू त्या कोपऱ्याच्या मागंच लागलास. दुपारची विश्रांती, सणाची सुट्टी, काहीही मिळो, तू तिथं. चर खणून मीठ धुऊन काढलंस. चारीतला गाळ पाटीनं वाहिलास. मी पाट्या भरून दिल्या, कारण त्यात माझीही खोली होती. ठरलं होतं आपलं. दोन खोल्या, मधे पडवी, तीन शेळ्या. गाय नको, तू म्हणालास, गाईंचं लई झालं. चहा आपल्याला वाटेल तेव्हा करायचा आणि कुणी हाक मारली तर ऐकू आली नाही म्हणायचं. दार उगवतीला हवं असं तुझं म्हणणं, चारीकडं हवं असं माझं. ज्या घराचा अजून दगडसुद्धा आला नव्हता त्याच्या दारावरून आपण आठ दिवस अबोला धरला. सव्वीस वर्षांत तेवढ्यापुरतेच आपण कुणाचे गडी नव्हतो, असं मला आता वाटतं.

चौथ्या वर्षी कोपरा हिरवा झाला. हिरवा झाल्याबरोबर नानांनी त्यात घास पेरला. घर बांधीस्तोवर जागा मोकळी कशाला ठेवायची, असं ते म्हणाले, आणि तू म्हणालास, बरोबर हाय की. मग तुझ्या जागेतला घास तूच कापायचास आणि त्यांच्या गाईंपुढं तूच टाकायचास. दर पाडव्याला मी तुला पुढं ढकलायचो. तू जायचास, उभा राहायचास, आणि नाना म्हणायचे, या साली ऊस निघू दे. ऊस दर साली निघायचा.

घरकुलाची योजना आली तेव्हा ग्रामपंचायतीत मीच खेटे घातले. जागा कागदावर असली तर घर मिळतं, नसली तर नाही, एवढं साधं होतं. नानांनी दोन गुंठ्यांचं बक्षीसपत्र करून दिलं की काम झालं असतं. मी अर्ज लिहिला. त्यावर तू सही केलीस, मी शिकवलेली, पहिल्या अक्षराला अर्धा कागद खाणारी. तो घेऊन तू नानांच्या बंगल्यावर गेलास आणि मी विहिरीपाशी थांबलो. अर्ध्या तासानं आलास तो हसत. हातात कागद नव्हता.

“कुठाय?” मी विचारलं.

“फाडला.”

“नानांनी?”

“मी.” आणि मग तू सांगितलंस, तुझा चेहरा मी विसरणार नाही. “नाना म्हनले, कागद परक्याशी करत्यात, तू तर घरचाच मानूस. पाच-पन्नास मान्सात म्हनले, मास्तर. आता काय, बापाला जातीचा दाखला मागायचा व्हय?”

मी तुला गाढव म्हणालो. त्याच्याहून वाईटही बोललो, तुझ्या सोडून गेलेल्या बायकोवरून बोललो, जे बोलायला नको होतं. तू महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस. नंतर बोलायला लागलास, पण ते भांडण मिटलं नाही, नुसतं झाकलं गेलं. तुला शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी तुझ्या मानावर जळतो. खरं सांगू? थोडा जळतही होतो. मला कुणी घरचा म्हणालं नव्हतं. आज त्या शब्दाची मला किळस येते. पुढाऱ्यापासून सोसायटीच्या शिपायापर्यंत ज्याला ज्याला काही द्यायचं नसतं तो तो आपल्याला घरचा म्हणतो, आणि आपण एवढे भुकेलेले की तेवढ्यानंच पोट भरतं.

पण तुला नुसतं गाढव म्हणून मला मोकळं होता येत नाही, तीच तर अडचण आहे. संकरित गाईला गोऱ्हा झाला की गोठ्यावर सुतक पडायचं. तो दूध देणार नाही, बैल म्हणून चालणार नाही. त्याला दूध तोडायचं, कोपऱ्यात बांधून ठेवायचं, की आठवड्यात आपोआप प्रश्न सुटतो. ‘आपोआप’ हा नानांचा शब्द. तू बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायचास. ओरडा खाल्लास, एकदा सगळ्यांसमोर मुस्काडीत खाल्लीस, तरी सोडलं नाहीस. मी म्हणायचो, भागा, तो मरणारच आहे, तू त्याचे हाल लांबवतोस. तू म्हणालास, “मरायचा तर मरंल. पर उपाशी कशाला?” मला टायफॉइड झाला तेव्हा त्याच बोटांनी तू मला पेज भरवलीस. बोटांना शेणाचा वास यायचा. मी तोंड फिरवायचो आणि तू म्हणायचास, गोऱ्ह्याला चालतं, तुला न्हाई व्हय? ते उपकार मी फेडले नाहीत. उलट शेवटच्या दिवशी काय केलं ते तुला माहीतच आहे.

त्या सकाळी तू गव्हाणीला टेकून खाली बसलास. घामानं सदरा ओला झाला होता. मी नानांना हाक मारली. ते आले, बघितलं, खिशातून गाडीची किल्लीसुद्धा काढली. मग म्हणाले, धारा तेवढ्या होऊ दे, दुधाची गाडी यायची वेळ झाली, मग लगेच नेऊ. मागच्याच महिन्यात गाय आजारानं बसली होती तेव्हा डॉक्टर वीस मिनिटांत आले होते, चहाही न घेता. मी काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात तूच म्हणालास, “धारा काढ आधी, मास्तर. गाई पान्हा चोरतील.” म्हणजे तिघांचंही एकमत झालं. मी अकरा गाईंना मशीन लावलं. अकरावीचं काढून वळलो तर तू गव्हाणीतच मान टाकली होतीस. त्या दिवशी दूध रोजच्याएवढंच निघालं. कुठल्याही गाईनं काही चोरलं नाही. या तिघांत कुणाची किळस जास्त करायची हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तुझी राख सावडली. पाथर्डीहून तुझा भाचा आला होता, तो राख नदीत सोडायला निघाला. नाना म्हणाले, नदी घाण कशाला करायची, हल्ली राख शेतात टाकतात, झाडाला खत होतं. आणि सगळ्यांना घेऊन त्या कोपऱ्यात गेले. “त्याचीच जागा हाय ती,” असं चार माणसांत म्हणाले. घास बाजूला सारून खड्डा केला, तुझी राख टाकली, वर नारळाचं रोप लावलं, आणि नानांच्या थोरल्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. चार वर्षं शेण-गाळ वाहून तू ती जमीन केलीस, आणि शेवटी खत म्हणून तूच तिच्यात गेलास. पण त्याच वेळी माझ्या कानात ते वाक्य अडकलं. त्याचीच जागा, असं नाना स्वतःच्या तोंडानं म्हणाले होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच चार माणसांदेखत.

तिथून मी दहाव्याची वाट बघायला लागलो. कावळा शिवला नाही की भलेभले घाबरतात. गेलेल्याचं काहीतरी राहिलंय म्हणतात, आणि मग एकेक जण पिंडापुढं हात जोडून बोलून टाकतो. पोरीचं लग्न करू म्हणतो, भावाची वाटणी देऊ म्हणतो. तिथं दिलेला शब्द नाना मोडणार नाहीत, एवढं मी त्यांना ओळखतो. ते मतदाराला, देवाला आणि पिंडाला भितात. मी तुझ्या भाच्याला आदल्या दिवशीच बजावलं होतं की कावळा अडला तर तू तोंड उघडू नकोस, नुसतं नानांकडं बघ.

आणि हे सगळं तुझ्यासाठी नव्हतं, भागा. तू सुटलास. भाचा काही पाथर्डी सोडणार नव्हता, ते दोन गुंठे मला माझ्यासाठी हवे होते. माझे गुडघे गेलेत, फार तर आणखी दोन पाडवे निघतील. मग नाना दुसरा गडी बघतील, आणि खोली गड्याची असते. पाथर्डीकडचं घर पडलं, भाऊबंद दारात उभं करणार नाहीत. तुझ्या एका कावळ्यावर माझं म्हातारपण होतं. एवढंच होतं माझ्याकडं.

प्रवरेच्या घाटावर मंडप टाकला होता. माईक होता. तुला हयातीत ज्यांनी कधी नावानं हाक मारली नाही ते एकेक करून श्रद्धांजली वाहायला उठले. एक पुढारी तुला शेवटपर्यंत भागचंद म्हणत होते. दुसऱ्यांनी तुझ्या निमित्तानं चारीच्या पाण्याचा प्रश्न मांडला आणि तो कुणामुळं सुटला नाही तेही सांगितलं. मग आलेल्या मान्यवरांची नावं वाचली, ती तुझ्यावरच्या भाषणांपेक्षा लांबली. महाराज म्हणाले, सेवा हाच धर्म. नाना मान हलवत होते.

भाच्यानं पिंड मांडला, बाजूला तुझी बिडी आणि कांदाभजी ठेवली, आणि मागं सरला. तो पुरता मागं सरलाही नव्हता. एक कावळा वडावरून उतरला, दोन उड्या मारल्या आणि घास घेऊन गेला. परत आला आणि भजंही घेऊन गेला. मला वाटलं, आपण चुकून दुसरंच काहीतरी बघतोय.

“केवढा तृप्त जीव,” महाराज माईकवर म्हणाले. “कसलीही इच्छा मागं ठेवली नाही.”

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नानांनी उपरण्यानं डोळे पुसले, आणि ते खरंच ओले होते, हे सगळ्यात किळसवाणं. मी तुला तिथल्या तिथं मनातल्या मनात घातल्या तेवढ्या शिव्या जन्मात घातल्या नसतील. मेल्यावरसुद्धा भीड! तुला काही बोलायचं नव्हतं, कागद मागायचा नव्हता, बंगल्यावर जायचं नव्हतं. नुसतं अर्धा तास अडून बसायचं होतं. तेही तुझ्याच्यानं झालं नाही. तिथंही तुला वाटलं असेल, माणसं उन्हात ताटकळतायत, उरकून घ्यावं.

इथपर्यंत लिहून वही मिटणार होतो. दोनदा मिटलीही. पण एक गोष्ट राहिली आहे, आणि तू नाहीस तर ती सांगायला मला दुसरं कुणी नाही.

घाटावर चहा चालू होता. नानांनी मला गाडीपाशी बोलावलं. भोवती दहा-बारा माणसं होती, पुढारी होते, महाराज होते. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सव्वीस वर्षांत त्यांचा हात मला कधी लागला नव्हता. ते म्हणाले, “भागा गेला. आता गोठा तुझ्यावर. मी त्याला कधी इचारलं न्हाई, ते मनाला लागलंय माझ्या. तुला इचारतो. काय पायजे ते सांग, मास्तर. आज न्हाई म्हननार न्हाई.”

त्यांनीसुद्धा मला मास्तर म्हटलं. सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. जिभेवर दोन गुंठे तयार होते, चारी, कोपरा, बक्षीसपत्र, सगळं पाठ होतं, इतकी वर्षं तुला शिकवून शिकवून पाठ झालेलं. खांद्यावरचा हात गरम होता. माझी टोपी माझ्या हातात आली होती. मी ती कधी काढली ते मला आठवत नाही.

“काय न्हाई, नाना,” मी म्हणालो. “तुमी हाय, मग काय पायजे?”

भागा, तू निदान मागायला जायचास आणि रिकाम्या हातानं परत यायचास. मला त्यांनी आपणहून विचारलं, आणि मी नको म्हणालो.